वाट एकच, तरी चक्रव्यूह

उपग्रहाच्या छायाचित्रांमुळे भूमीवरील भव्य रेखाटने शोधण्याची रीत पालटली. जैसलमेरजवळ बोहा येथील शेकडो मीटर पसरलेले सर्पिल 2014 साली दोन फ्रेंच संशोधकांना प्रथम दिसले ते संगणकाच्या पडद्यावर. सातारा-सांगलीच्या माळांवरील दगडी चक्रव्यूहांचे तसे नाही. ते आकाराने लहान. दगड गवतात अर्धे बुडालेले. ते सापडतात पायी हिंडणाऱ्याला. सोलापूरजवळ बोरामणीच्या गवताळ रानातला पंधरा वेढ्यांचा, सुमारे 50 फुटांचा चक्रव्यूह डिसेंबर 2025 मध्ये प्रकाशात आला, तोही वन्यजीव पाहावयास गेलेल्या निसर्गप्रेमींमुळे.

आम्हांला, साहित्याच्या वाचकांना, अडखळायला होते ते 'चक्रव्यूह' या नावापाशी. या आकृतीत वाट एकच असते. फाटे नाहीत, फसव्या गल्ल्या नाहीत. जो शिरतो तो वळणे घेत मध्यापर्यंत पोहोचतोच आणि आल्या वाटेने बाहेर पडतो. अभिमन्यूची कथा नेमकी याच्या उलट आहे : शिरणे ठाऊक, निघणे अज्ञात. शिवाय द्रोणपर्वातला व्यूह उभ्या सैन्याचा, आखलेल्या वाटेचा नव्हे. तरीही बाराव्या शतकातील हळेबीडच्या शिल्पात तो याच वेढ्यांच्या रूपाने कोरलेला दिसतो. म्हणजे कथा आणि आकृती यांची गाठ कुणीतरी, केव्हातरी मारली. आकृती कथेतून निघालेली नाही एवढे निश्चित; ग्रीसमधील पायलॉसच्या राजवाड्यात मिळालेल्या, इसवी सनापूर्वी सुमारे 1200 च्या मृत्पाटीमागे तीच वाट चौकोनी रूपात ओरखडलेली आहे, आणि क्रीटमधील नॉससच्या नाण्यांवरही ती येते.

या नाण्यांवरूनच आपल्याकडील चक्रव्यूहांचा संबंध रोमन व्यापाराशी जोडला जातो. तर्क निराधार नाही. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथातील तगर म्हणजे आजचे तेर. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. आणि या दोहोंमधला मुलूख म्हणजे हाच कृष्णाकाठ. पण साम्य हा कालनिर्णयाचा पुरावा नव्हे. बाल्टिक किनाऱ्यावरही असेच दगड मांडलेले आहेत आणि त्यांतले पुष्कळसे मध्ययुगातले किंवा त्यानंतरचे ठरले आहेत. दोन हजार वर्षांचा आकडा वृत्तपत्रांत शोभतो (आणि एकदा छापला की पाठ्यपुस्तकात शिरायला त्याला वेळ लागत नाही), परंतु उघड्यावर मांडलेला दगड आपली तिथी सांगत नाही. सांगितली तर त्याखालची माती सांगेल : तिच्यातील कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला हे आता मोजता येते. त्यासाठी दगड मूळ जागी असावे लागतात. माळावर मात्र बांध घालायला दगड हवेच असतात, आणि चक्रव्यूहाचे दगड उचलायला सर्वांत सोयीचे, कारण ते आधीच वेचून मांडलेले असतात.