रोमन लष्करी स्नानगृहाचे अवशेष आणि सैनिकांचे कौटुंबिक जीवन : कार्लिऑन येथील पुराव्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
प्राचीन रोमच्या लष्करी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने मोहिमा, सेनापती आणि शिस्त यांभोवती फिरत राहिले. सामान्य सैनिकाचे खासगी जीवन त्यात क्वचितच आढळते. ही उणीव भरून काढण्यासाठी पुरातत्त्वीय अवशेषांकडे वळावे लागते. प्रस्तुत लेखात वेल्समधील कार्लिऑन येथील लष्करी स्नानगृहाच्या अवशेषांच्या आधारे सैन्यतळावरील स्त्रिया व मुले यांच्या वावराचा विचार केला आहे.

स्नानगृहाची रचना :
अस्क नदीच्या काठी इ.स. ७५च्या सुमारास रोमनांनी 'इस्का' हा सैन्यतळ उभारला. पाच हजारांहून अधिक सैनिकांच्या 'दुसरी ऑगस्टा' या लीजनचे ते मुख्य ठाणे होते. तटबंदीच्या आतील स्नानगृहात थंड, कोमट व उष्ण अशी दालने क्रमाने होती. उष्ण दालनाची फरशी विटांच्या आखूड खांबांवर उचललेली असे व भट्टीतील तप्त हवा तिच्याखालून खेळवली जाई. बाहेरचा खुला तलाव मूळचा ४१ मीटर लांबीचा होता. १९६४ ते १९८१ या काळात येथे टप्प्याटप्प्याने उत्खनन झाले. थंड दालन व तलाव यांचा काही भाग आज छताखाली जतन केलेला आहे.

गटारातील पुरावा :
या वास्तूचा सर्वांत बोलका भाग म्हणजे थंड दालनाखालील सांडपाण्याचे गटार होय. त्यातील गाळात ८८ कोरीव रत्नखडे मिळाले. उष्णता व वाफ यांमुळे अंगठीत खडा बसविण्याचे चिकट द्रव्य सैल होई आणि खडा नकळत पाण्याबरोबर वाहून जाई. कोंबडी व मेंढी यांची हाडे तेथील खाण्यापिण्याची साक्ष देतात. परंतु त्याच गाळात स्त्रियांचे अलंकार आणि लहान मुलांचे दुधाचे दातही सापडले. सैनिकांसाठी बांधलेल्या वास्तूत ही मुले कोणाची, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

कायदा आणि वास्तव :
रोमन सैनिकास सेवाकाळात कायदेशीर विवाह करता येत नसे. इ.स. १९७च्या सुमारास सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरस याने हा निर्बंध उठविल्याचे हेरोडियनच्या इतिहासावरून दिसते. वरिष्ठ अधिकाऱ्यांना कुटुंब बाळगण्याची मुभा होती. त्यामुळे सर्वच अवशेष सामान्य सैनिकांच्या कुटुंबांचे मानणे घाईचे ठरेल. मात्र सैनिकांना मुले होती, हे शासनास ठाऊक होते. इ.स. ११९ मध्ये सम्राट हेड्रियन याने इजिप्तच्या प्रशासकास पत्र पाठवून सेवाकाळात जन्मलेल्या मुलांना मृत पित्याच्या मालमत्तेवर दावा करण्याची सवलत दिली. कायद्याच्या दृष्टीने ही मुले अनौरस होती. तरीही त्यांची दखल घेणे शासनास भाग पडले.

स्त्रिया व पुरुष एकाच स्नानगृहाचा वापर कसा करीत, याचा एक नमुना पोर्तुगालमधील विपास्का या खाणवस्तीच्या नियमावलीत मिळतो. हेड्रियनच्या काळातील या नियमांनुसार दिवसाचा पूर्वार्ध स्त्रियांसाठी, तर उत्तरार्ध पुरुषांसाठी राखून ठेवलेला होता. सैनिक व अल्पवयीन मुले यांना शुल्क माफ होते. कार्लिऑन येथेही हीच व्यवस्था होती असे यावरून सिद्ध होत नाही. पण वेळा विभागून एकच वास्तू वापरण्याची पद्धत रोमनांना परिचित होती, हे निश्चित.

निष्कर्ष :
राजाज्ञा आणि शिलालेख राज्यसत्तेला जे नोंदवावेसे वाटले तेवढेच सांगतात. गटारातील गाळ मात्र कोणी हेतूपूर्वक लिहिलेला नसतो. कायद्याच्या भाषेत ज्या स्त्रियांना 'पत्नी' हे नाव नव्हते, त्यांच्यासारख्या स्त्रियांचा व मुलांचा वावर लष्करी तटबंदीच्या आत असणे शक्य होते, हे कार्लिऑनचे अवशेष दाखवितात. त्यामुळे रोमन सैन्यतळाकडे केवळ पुरुषांची छावणी म्हणून न पाहता एक वस्ती म्हणून पाहणे अधिक न्याय्य ठरेल.