पाखंडी कोण? – जिनिव्हाची चिता आणि सत्याची मक्तेदारी

आपल्या भाषेत 'पाखंडी' ही शिवी आहे. मुळात मात्र ती शिवी नव्हती. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' हा शब्द पंथ, संप्रदाय एवढ्याच अर्थाने येतो. आपल्या पंथाचे स्तोम माजवून इतरांची निंदा करणारा माणूस स्वतःच्याच पंथाची हानी करतो, असे बाराव्या शिलालेखात अशोक सांगतो. पुढे वेदप्रामाण्य नाकारणाऱ्यांना वर्णव्यवस्थेच्या पुरस्कर्त्यांनी हाच शब्द चिकटविला आणि तो शिवी झाला. युरोपातही नेमके हेच घडले. पाखंड या अर्थाचा तिकडचा 'हेरेसी' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ 'निवड'. म्हणजे माणसाने स्वतः विचार करून निवड केली, की तो गुन्हेगार! शब्दांचा हा प्रवास म्हणजे सत्य आणि सत्ता यांच्या संगनमताचा प्रवास आहे. ख्रिस्ती चर्चच्या इतिहासात हे संगनमत कसे घडले आणि त्याविरुद्ध कोण उभे राहिले, हे परिवर्तनवादी कार्यकर्त्यांनी अभ्यासण्यासारखे आहे.

चर्चच्या बाहेर कोणाचाही उद्धार नाही, ही घोषणा फ्लॉरेन्सच्या परिषदेने 1442 साली निःसंदिग्ध शब्दांत केली. या मक्तेदारीला मार्टिन ल्यूथरने 1517 पासून आव्हान दिले. राजकीय क्रांतीच्या आधी धार्मिक क्रांती व्हावी लागते, हे सांगताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली ल्यूथरचेच उदाहरण दिले होते. ते यथार्थ आहे. परंतु धर्मक्रांती झाली म्हणून विचारस्वातंत्र्य आपोआप आले, असे समजण्याचे कारण नाही. पोपची मक्तेदारी मोडणाऱ्यांनी लगेच स्वतःची मक्तेदारी उभी केली. सज्ञान माणसालाच बाप्तिस्मा द्यावा, तान्ह्या मुलाला नव्हे, एवढेच म्हणणाऱ्या फेलिक्स मान्झला झुरिचच्या प्रोटेस्टंट सत्तेने जानेवारी 1527 मध्ये नदीत बुडवून मारले.

या कथेतील सर्वांत बोलके प्रकरण मिकाएल सर्व्हेटसचे आहे. हा स्पेनमध्ये जन्मलेला विद्वान वैद्य. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमधून निघत नाही, असे त्याने 1531 च्या ग्रंथात मांडले. पुढे नाव बदलून तो फ्रान्समध्ये वैद्यकी करीत राहिला. 1553 साली छापलेल्या त्याच्या दुसऱ्या ग्रंथात धर्मचर्चेच्या ओघात एक वैज्ञानिक शोधही आहे. रक्त हृदयाकडून फुप्फुसात जाऊन परत येते, हे त्यात त्याने नोंदवून ठेवले. फ्रान्समधील व्हिएन गावी कॅथलिक धर्मन्यायालयाने त्याला पकडले. त्याच्याविरुद्धचा पुरावा जिनिव्हाहून आला होता. त्याने जॉन कॅल्व्हिनला पूर्वी लिहिलेली पत्रेच त्यात होती! सर्व्हेटस तुरुंगातून निसटला, तेव्हा कॅथलिकांनी त्याचा पुतळा जाळला. वाटेत तो जिनिव्हात थांबला. तेथे त्याला ओळखून अटक झाली आणि 27 ऑक्टोबर 1553 रोजी शहराबाहेर चंपेल येथे त्याला जिवंत जाळण्यात आले. एकमेकांना सैतानाची औलाद म्हणणारी दोन चर्चेस एका माणसाला जाळण्याच्या बाबतीत मात्र एकमताची निघाली.

शिक्षा कॅल्व्हिनने दिली नाही, नगरपरिषदेने दिली, असा बचाव केला जातो. जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा, असे कॅल्व्हिनने सुचविले होते, हेही खरे. पण आरोपपत्र त्याच्याच प्रेरणेने तयार झाले आणि शिक्षेचे समर्थन करणारा ग्रंथही त्यानेच 1554 साली लिहिला. धर्मपंडितांनी निर्णय द्यावा आणि राजदंडाने तो अमलात आणावा, ही रीत आपल्याला काही अपरिचित नाही. कॅल्व्हिन हा स्वतः छळामुळे फ्रान्स सोडून आलेला निर्वासित होता, हे येथे विसरता येत नाही. 1536 साली आपला पहिला मोठा धर्मग्रंथ फ्रान्सच्या राजाला अर्पण करताना त्याने छळ सोसणाऱ्या आपल्या बांधवांची बाजू मांडली होती. म्हणजे काल छळ सोसला म्हणून आज हातून छळ होणार नाही, अशी हमी इतिहास देत नाही.

या चितेविरुद्ध जो आवाज उठला, तो एका गरीब शिक्षकाचा होता. सेबास्टिअन कॅस्टेलिओ एके काळी जिनिव्हाच्या शाळेचा प्रमुख होता. कॅल्व्हिनशी मतभेद झाल्यावर तो बाझलला आला, छापखान्यात मुद्रिते तपासू लागला. कुटुंब मोठे, मिळकत तुटपुंजी. ऱ्हाइन नदीतून वाहून येणारी लाकडे तो सरपणासाठी ओढून काढी. पुढे कॅल्व्हिनने त्यावरूनही त्याला चोर ठरविण्याचा प्रयत्न केला. विरोधकाच्या मताला उत्तर देता आले नाही, की त्याच्या दारिद्र्यावर बोट ठेवायचे, ही युक्तीही जुनीच म्हणायची!

पाखंडी लोकांचा छळ करावा काय, या प्रश्नावर कॅस्टेलिओने 1554 साली टोपणनावाने एक ग्रंथ काढला. त्यात त्याने ल्यूथर, इरॅस्मस आणि खुद्द कॅल्व्हिन यांचीच सौम्यतेच्या बाजूची जुनी वचने एकत्र केली. त्याचा युक्तिवाद साधा होता. पाखंडी म्हणजे कोण याचा शोध घेतला, तर आपल्याशी जो सहमत नाही तो, एवढाच अर्थ हाती लागतो. प्रत्येक पंथ दुसऱ्याला पाखंडी म्हणतो; मग एका गावात खरा ठरलेला माणूस दुसऱ्या गावात जाळण्यास पात्र ठरतो. त्रैक्य, बाप्तिस्मा, दैवाधीनता यांवर शतकानुशतके वाद चालू आहेत, याचा अर्थ ते प्रश्न निर्विवाद नाहीत. मग ज्याबद्दल खात्री नाही, त्यासाठी माणूस मारण्याचा अधिकार कुठून येतो? कॅल्व्हिनला दिलेल्या उत्तरात तो आणखी पुढे गेला. माणूस मारल्याने सिद्धान्ताचे रक्षण होत नाही, केवळ एक माणूस मारला जातो, हा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. पोथीच्या जागी माणूस केंद्रस्थानी आणणारा हा विचार होता. हे उत्तर त्याच्या हयातीत छापले गेले नाही. ते 1612 साली हॉलंडमध्ये प्रसिद्ध झाले. पाखंडाच्या आरोपाचे सावट डोक्यावर असतानाच डिसेंबर 1563 मध्ये कॅस्टेलिओ वारला.

सत्याच्या मक्तेदारीची झळ आपल्या भूमीलाही लागली. गोव्यात 1560 ते 1812 पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, धर्मन्यायालय चालले. केरळात तर पोर्तुगीज येण्याआधी कित्येक शतकांपासून सिरियन परंपरेचे ख्रिस्ती नांदत होते. गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस याने 1599 साली उदयमपेरूर येथे धर्मसभा भरवून त्यांचे ग्रंथ दोषपूर्ण ठरविले. ते दुरुस्त करावेत किंवा जाळावेत, असा हुकूम निघाला. बायबल मानणाऱ्यांचेच ग्रंथ बायबल मानणाऱ्यांनी जाळले!

युरोपात हळूहळू 'सहिष्णुता' आली. पण तिचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. फ्रान्सच्या राजाने 1598 साली प्रोटेस्टंटांना सवलती दिल्या, त्याच्या नातवाने 1685 साली त्या काढून घेतल्या. इंग्लंडच्या 1689 च्या सहिष्णुता कायद्याने कॅथलिकांना आणि त्रैक्य नाकारणाऱ्यांना बाहेरच ठेवले. छळामुळे इंग्लंड सोडून अमेरिकेत गेलेल्या प्युरिटनांनी 1659 ते 1661 या काळात बोस्टनमध्ये चार क्वेकरांना फाशी दिले. त्यांत मेरी डायर ही स्त्री होती. 'सहन करणे' या शब्दातच सहन करणारा वर आणि सहन केला जाणारा खाली, अशी उतरंड आहे. जे कृपेने मिळते, ते लहरीने जाते. याच प्युरिटनांनी हद्दपार केलेल्या रॉजर विल्यम्सने मात्र 1636 साली ऱ्होड आयलंडमध्ये वसाहत स्थापताना वेगळा मार्ग धरला. माणसाच्या सद्सद्विवेकावर शासनाचा अधिकारच नाही, ही त्याची भूमिका होती. ती सवलतीची नव्हे, हक्काची भाषा होती.

सर्व्हेटसचा प्रश्न तीन शतकांनंतर एका मराठी स्त्रीने पुन्हा विचारला. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण त्रैक्यासारखे सिद्धान्त केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करावयास त्यांनी नकार दिला. ब्राह्मण पुरोहितांचे जोखड झुगारून आपण आलो, ते दुसऱ्या पुरोहितांचे जोखड मानेवर घेण्यासाठी नव्हे, हा त्यांच्या पत्रांतील सूर आहे. ती पत्रे 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. इकडे सनातनी आणि सुधारकही त्यांच्या धर्मांतरावर तुटून पडले असताना जोतीराव फुले यांनी 1885 साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. त्याच जोतीरावांनी 1891 साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एक घर कल्पिले आहे. त्यात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि सारे प्रेमाने एकत्र राहतात. येथे कोणी कोणाला सहन करीत नाही. प्रत्येकाने वाचून, विचार करून निवड केली आहे आणि त्या निवडीचा हक्क सर्वांना सारखा आहे.

चर्चनेही पुढे काही शिकून घेतले. चंपेलला कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी 1903 साली प्रायश्चित्ताची शिळा उभारली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्य हा मानवी प्रतिष्ठेवर आधारलेला हक्क म्हणून मान्य केला. पण 2000 साली रोमने पुन्हा आपल्याच चर्चच्या परिपूर्णतेवर भर देणारे पत्रक काढले, तेव्हा इतर चर्चेस दुखावली. दावा राहिला आहे, चिता राहिलेली नाही. फरक पडला तो तलवार हातातून गेली म्हणून.

आपले सत्य हेच सत्य, असे मानण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. भारतीय संविधानाचे 25 वे कलम तोही देते. प्रश्न मानण्याचा नाही, त्या मानण्याच्या हाती दंडुका देण्याचा आहे. आणि हा प्रश्न केवळ चर्चला विचारून भागणार नाही. शतकानुशतके पाखंडी ठरविले गेलेले आपण, आज आपल्याच सभेत वेगळे मत मांडणाऱ्या कार्यकर्त्याला 'फितूर' म्हणून उठवून लावतो, तेव्हा कोणाच्या रांगेत उभे असतो? जिनिव्हाचा निर्वासित सत्ताधारी होताच काय झाला, हे आपण पाहिले आहे. चळवळीची कसोटी तिने छळ किती सोसला यावर लागत नाही. तिच्यातल्या कॅस्टेलिओला बोलता येते की नाही, यावर लागते.