गाशा, रुमाल आणि एकोणचाळीस खोकी



घर आवरून निघायला आपल्या भाषेत किती शब्द आहेत बघा. गाशा गुंडाळणं, बाडबिस्तरा, चंबूगबाळं, वळकटी. यातला गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिराचं कापड. तो गुंडाळला की मुक्काम हलला. हे शब्द घरातले नाहीत, छावणीतले आहेत. बडोदं काय, इंदूर काय, ग्वाल्हेर काय, आपण सगळे त्या छावणीमागून आलेली माणसं.

गायकवाडांनी १७३४ साली बडोदं घेतलं. त्यांच्यामागून जे आले त्यात लढणारे होते, तसे लिहिणारे, मोजणारे आणि सांभाळणारेही होते. लढणाऱ्यांच्या बखरी झाल्या. सांभाळणाऱ्यांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून आज त्यांच्याबद्दल.

मराठी राज्यांत प्रत्येक प्रकारच्या सामानाला वेगळा कारखाना असे. जामदारखान्यात जडजवाहीर आणि उंची कापडचोपड, फरासखान्यात तंबू, राहुट्या, गालिचे, सिलेखान्यात हत्यारं. (पुण्याच्या नातेवाइकांकडे गेलात की फरासखाना चौकी लागते, तिचं नाव यातलंच.) प्रत्येक ठिकाणी यादी, नगांची मोजदाद, काय आत आलं, काय बाहेर गेलं त्याची नोंद. आपल्यातली जामदार, कारखानीस, पोतनीस ही आडनावं त्या कामातून आली. पोतनिसांचं पोतं धान्याचं नव्हे बरं का, खजिन्याचं. आणि असं खातं उठलं की वस्तू कुठे जाते याचा नेम नसतो. खंडेराव महाराजांनी करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा २००९ साली थेट दोह्यात लिलावाला निघाला.

आमचे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात खानगी खात्यात कारकून होते. राजवाड्याच्या सामानाच्या याद्या लिहिता लिहिता त्यांना सवयच लागली असावी, कारण त्यांनी स्वतःच्या घराच्याही याद्या केल्या. त्या आमच्याकडे एका लाल रुमालात बांधलेल्या होत्या. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, कागद बांधून ठेवायचा चौकोनी कापडाचा तुकडा. मोडी कागद ठेवायची आपली जुनी पद्धत तीच. पुण्याच्या पेशवे दप्तरातही कागद रुमालांतच असत. बडोद्याच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या गोविंद सखाराम सरदेसायांनी पुढे त्याच दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. साधं सुती कापड, हवा खेळती, गाठ सैल. कागद पिवळा पडतो, पण कुजत नाही.

आता मूळ विषय. दांडिया बाजारातला आमचा वाडा बिल्डरला दिला. चार पाती, अकरा सह्या, आणि नवीन फ्लॅट हातात येईपर्यंत निदान अडीच वर्षं. भाड्याच्या दोन खोल्यांत वाड्याचं सामान मावणार कसं? म्हणून हायवेकडच्या एका गोडाऊनमध्ये महिन्याच्या भाड्यानं खोली घेतली. हल्ली त्याला सेल्फ स्टोरेज म्हणतात. आपलं कुलूप, आपली किल्ली, हवं तेव्हा जाऊन बघायचं. पुण्याच्या चुलतभावाचं म्हणणं होतं की अर्धं सामान भंगारात द्या आणि कागद पस्तीत. (रद्दीला आम्ही बडोदेकर पस्तीच म्हणतो. पुण्याला जाऊन तीस वर्षं झाली तरी त्याच्या तोंडून पस्तीच येतं, हा एक आनंद.)

रुमाल पस्तीत टाकायच्या आधी निदान वाचून तरी घेऊ, असं मी धरून बसले. मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ मिळाले. तीन दुपारी ते आमच्या ओटीवर बसले. बरेचसे कागद उसनवारीचे आणि श्राद्धाच्या खर्चाचे निघाले. त्यात एक मोठी याद होती, प्लेगच्या वर्षांतली.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढच्या काही वर्षांत बडोदे राज्यातही पोचला. घरात उंदीर पडला की माणसं घर सोडून गावाबाहेर झोपड्या बांधून राहत. पश्चिम हिंदुस्थानात सगळीकडे हीच रीत होती. म्हणजे भरलं घर कुलूप लावून सोडायचं, परत येऊ की नाही ठाऊक नाही, आणि मागे चोरांचं भय. त्यासाठी पणजोबांनी केलेली ही याद. तीन रकाने: बरोबर नेलेलं, घरात ठेवलेलं, दुसऱ्याकडे विश्वासानं ठेवलेलं. प्रत्येक भांड्याचं वजन शेरांत, चांदीचं तोळ्यांत. आणि नुसतं हंडा एक, समया दोन असं नाही, प्रत्येक वस्तूची खूण लिहिलेली. हंड्याच्या काठाला पोचा. एका समईचा मोर मोडका. घरात ठेवलेली वस्तू कुठल्या खोलीत, कुठल्या फडताळात, कशाखाली, तेही. पोचा आलेला तो हंडा आमच्या न्हाणीघरात अजून होता. मोडीवाल्या काकांनी ती ओळ वाचली आणि वहिनी उठून हंड्यावर हात फिरवून आली.

दुसरी ओळ मात्र जड गेली. आमच्या घरात एक चांदीचा चौरंग होता. होता असंच ऐकत आम्ही मोठे झालो. आमची आजी सांगायची की धाकट्या पातीनं प्लेगात तो लांबवला. चाळीस वर्षं हळदीकुंकवाला ती त्यांच्याकडे गेली नाही. आमच्या आयांनीही ते निमूट पुढे चालवलं. आणि यादीत चौरंगासमोर, नंतरच्या शाईनं, पणजोबांच्याच हातचा शेरा: छपन्नच्या दुष्काळात सोनाराला विकला, इतके तोळे, इतके रुपये. संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, गुजरातेत ज्याला छप्पनियो म्हणतात तो. विकणारे आमचे पणजोबा, आणि नाव आलं त्यांच्या धाकट्या भावाच्या घरावर.

धाकट्या पातीच्या काकू तिथेच बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "याची झेरॉक्स मला दे."

त्यानंतर पस्तीचा विषय पुन्हा निघाला नाही. आणि सामान कसं बांधायचं तेही ठरून गेलं, कारण सूत्रं काकूंनीच हातात घेतली.

त्यांची पहिली अट, प्रत्येक खोक्याची याद, आणि यादीत खूण. भांडी एक खोकं असं चालणार नाही. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, कुणी दिलं, कुणाच्या लग्नात. तेच उतरवून घ्यायचं. एका तांब्यावर माझ्या आत्याचं माहेरचं नाव निघालं. तिच्या नातीनं ते कधी ऐकलंही नव्हतं.

दुसरी अट, ओलं काही जाता कामा नये. तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासली की चकाकतात, पण चिंच सांदीत राहिली तर वर्षभरात हिरवा गंज धरते. म्हणून घासून, भरपूर पाण्यात खळबळून, दोन दिवस उन्हात. मग जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या फडक्यात. वर्तमानपत्र थेट लावायचं नाही, शाई उतरते आणि कागद ओल धरतो. चांदीला तर कागद, रबरबँड, लोकर काहीच नको. रबरातल्या आणि लोकरीतल्या गंधकानं चांदी काळी पडते. आमच्या एका नातेवाइकांची चांदीची भांडी सामान बांधणाऱ्या एका कंपनीनं वर्तमानपत्रात गुंडाळून रबरबँड लावून दिली होती. उघडली तेव्हा प्रत्येक पेल्याभोवती काळा पट्टा.

पैठण्या आणि शालू, जर आत येईल अशी घडी, मऊ सुती कापडात, प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नाही. सोबत वेखंडाचे तुकडे आणि लवंगा पुरचुंडीत बांधून. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर त्याही पुरचुंडीत, जरीला टेकता कामा नयेत. पण रेशमाचा खरा शत्रू घडी. एकाच घडीवर दोन वर्षं पडून राहिलं की तिथेच चिरतं. म्हणून कपड्यांची पेटी दाराजवळ ठेवली, म्हणजे दर तीन-चार महिन्यांनी जाऊन घडी मोडता येते. माझ्या मते कुठे खोली घ्यायची हे ठरवताना भाड्याच्या आधी हे बघावं, की आपल्या घरातलं कुणी तिथे सहज जाऊ शकेल का.

पुस्तकं लहान खोक्यांत. मोठं खोकं भरलं की उचलणाऱ्याची कंबर जाते नाहीतर तळ सुटतो. जड खाली, हलकं वर, आणि खोकं काठोकाठ भरायचं. पोकळी राहिली तर वरच्या खोक्याच्या वजनानं ते बसतं. पोकळीत जुन्या साड्या, उशांचे अभ्रे. बबल रॅप लागलाच, पण गोधड्यांनी जे केलं ते त्यानं नाही. झोपाळ्याच्या कड्या, पाट, काचेच्या बरण्या सगळं गोधड्यांत गेलं. तसबिरी उभ्या ठेवायच्या, आडव्या नाहीत. आडव्या काचेवर भार आला की ती तडकते. रविवर्म्याच्या छापील लक्ष्मीवर पणजीनं टिकल्या आणि जर चिकटवली होती, तिला काचेसकट मधल्या कपाटात उभं केलं.

फ्रिज पूर्ण कोरडा करून, दार बोटभर उघडं राहील असं फडकं अडकवून. लोणचं, तूप, धान्य, काही नाही. काकूंना हे पटेना, त्यांना दिवेल चोळलेली तूरडाळ ठेवायची होती. पण एका दाण्यामागून उंदीर येतो आणि मग खोकी कातरतो, हे सांगितल्यावर प्लेग आठवून त्या गप्प झाल्या.

आणि पाणी. बडोद्यात सामान ठेवायचं तर विश्वामित्री विसरून चालत नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २६ फूट असताना. तळमजल्यांवर किती घरांची कपाटं, अल्बम, पासबुकं चिखलात गेली ते सगळ्यांनी बघितलंय. म्हणून खोली वरच्या मजल्यावर, भाडं जास्त पडलं तरी. तिथेही जमिनीवर लाकडी फळ्या टाकून त्यावर खोकी, आणि भिंतीपासून वीतभर अंतर. पावसाळ्यात भिंत घामेजते, आणि वाळवी येते ती भिंतीवरूनच.

रुमाल गोडाऊनला गेला नाही, तो माझ्याकडे आहे. फोटो काढून चारी पातींना पाठवले. अमेरिकेतल्या पुतणीनं मोडी शिकायला घेतलंय म्हणे. बघू.

एकूण खोकी एकोणचाळीस झाली. याद तीन प्रतींत. एक माझ्याकडे, एक काकूंकडे, आणि एक गुजरातीत, हमालांसाठी, खोलीच्या दाराच्या आत चिकटवलेली. ती गुजराती प्रत करताना फार हसलो. पाटाला पाटलो मिळाला, सोऱ्याला संचो मिळाला. पुरणयंत्राला शब्द मिळेना, तर तसंच ठेवलं. विळीपाशी सगळे अडले. शेवटी भाच्यानं लिहिलं, बेसीने शाक समारवानुं. तिसऱ्या रकान्यात, म्हणजे दुसऱ्याकडे विश्वासानं ठेवलेलं, एकच नोंद आहे: पोचा आलेला हंडा, धाकट्या पातीकडे. काकूंनी तो मागून घेतला. नव्या घरी त्यांच्या बाल्कनीत त्यात तुळस लावली आहे.