मस्तगडातली कचेरी आणि आयुक्तांची सही

गावाला 'महानगरपालिका' मिळाली की सत्ता लोकांच्या जवळ येते की लांब जाते? आजच्या भागात हा प्रश्न जुन्या जालन्यातून बघूया.

लॉर्ड रिपनचा 1882चा ठराव आपण शाळेत पाठ केला. स्थानिक स्वराज्य वगैरे. पण तो ब्रिटिश मुलखासाठी होता. जालना निजामाकडे, त्यामुळे पुणे-नगरचा इतिहास इथे जसाच्या तसा चिकटवता येत नाही. इथे कारभार वरून खाली यायचा. जुन्या जालन्यातला मस्तगड बघा. 1725च्या सुमारास, पहिल्या निजामाच्या हुकमाने बांधलेला. पुढे त्याच बालेकिल्ल्यात नगरपालिकेची कचेरी भरली! लोकांनी निवडलेली माणसं सरदाराच्या गढीत बसली, हे मला फार आवडतं.

मग 1965चा नगरपरिषद कायदा आला, 1993 पासून 74वी घटनादुरुस्ती. बाराव्या अनुसूचीत 18 विषय, पाणीपुरवठा त्यातलाच. 2016 मध्ये तर जालनेकरांनी नगराध्यक्ष थेट मतदानाने निवडला. मुख्याधिकारी सरकारचाच असायचा, हे खरं. पण कारभारावर देखरेख ठेवायचा अधिकार नगराध्यक्षाकडे होता. नळ कोरडा पडला तर लोक कोणाच्या दारात जायचे, हे ठरलेलं होतं.

ऑगस्ट 2023 मध्ये जालना राज्यातली 29वी महानगरपालिका झाली. फटाके फुटले असतील, फुटू देत. पण महापालिकेचा कायदा वेगळा आहे, 1949चा. त्यात महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो, अडीच वर्षांसाठी, आणि मुख्यतः सभा चालवतो. कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर अकाउंट प्रीमियम झालं, पण अ‍ॅडमिन लॉगिन मुंबईला गेलं. शहर मोठं झालं की तज्ज्ञ अधिकारी लागतो, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण त्याला जाब विचारणारं सभागृह तरी भरलेलं हवं ना? इथे 2016च्या नगरसेवकांची मुदत कधीच संपली होती, प्रशासक बसला होता. म्हणजे गावाचा दर्जा बदलला तेव्हा त्यावर हात वर करायला एकही निवडून आलेला माणूस खुर्चीत नव्हता. महापालिकेची पहिली निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये.

आता पाणी. कुंडलिकेच्या पलीकडचा नवीन जालना बराचसा घाणेवाडीच्या तलावावर. तलाव निजामाच्या काळातला, गावाजवळचा. गाळ साचला तेव्हा घाणेवाडी जलसंरक्षण मंचाने लोकवर्गणीतून तो उपसायला घेतला. सरकारी फाईलची वाट बघत बसले नाहीत. अलीकडचा जुना जालना मात्र जायकवाडीवर. पाणी पैठणहून अंबडमार्गे येतं, पंप चालवून. धरण राज्याचं, वीज महावितरणची. जुन्या जालन्यातल्या माणसाने वर्गणी काढायची म्हटली तरी कशाची काढणार? जायकवाडीचा गाळ काही वॉर्डातून निघत नाही.

म्हणून मला नवीन नगरसेवकांकडून रस्त्याच्या फलकांपेक्षा एकच गोष्ट हवी आहे. जायकवाडीचं पाणी किती आलं, कुठल्या टाकीत गेलं, कुठल्या गल्लीला कितव्या दिवशी सुटलं, याचा हिशेब दर महिन्याला सभागृहात मांडायला लावा. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. सभा बोलवावी लागते.

पुढच्या भागात 1962च्या जिल्हा परिषदांकडे जाऊ.