हरीण, धनुष्य आणि इशी

आमच्या टीममध्ये विस्कॉन्सिनचा एक गडी आहे. सप्टेंबरचा मध्य उलटला की हा प्राणी शुक्रवारी दुपारनंतर कॉलवर सापडत नाही. तिकडे धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा हंगाम सुरू झालेला असतो. परवा सोमवारच्या कॉलला बाकीची मंडळी यायच्या आधी त्याला सहज विचारलं, काय रे, मिळालं का काही? तर म्हणे, यंदा अजून एकही बाण सोडलेला नाही. चार वीकेंड झाले. पहाटे अंधारात जंगलात जायचं, झाडावर बांधलेल्या मचाणावर चढायचं आणि दहा-अकरा वाजेपर्यंत बसून राहायचं.

"आणि करतोस काय तिथं?"

"बसतो."

मी म्हटलं, समजा मी अगदी नवशिका आहे, तर तू मला पहिल्यांदा काय शिकवशील? म्हणाला, धनुष्य नंतर. आधी तासभर न हलता बसून दाखव. नाक खाजवायचं नाही, फोन काढायचा नाही.

(आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटला आणि बरंच झालं. तेव्हा हे वाचून कोणी धनुष्य घेऊन टेकडीवर जाऊ नये, ही नम्र विनंती :) )

बसण्याचं एवढं कौतुक कशाला, ते थोडं गणित केल्यावर लक्षात आलं. साधं लाकडी धनुष्य बाणाला सेकंदाला चाळीसेक मीटर वेग देतं. दोरीचा आवाज मात्र ३४० मीटरच्या वेगाने पळतो. हरीण अठरा मीटरवर उभं असेल तर आवाज त्याच्या कानात शिरल्यानंतर बाण पोचायला जवळजवळ ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात ते खाली दबून उडी मारायच्या तयारीत आलेलं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी मार खाते. शिवाय बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. म्हणजे तो नेमका छातीतच लागायला हवा. नाहीतर जखमी जनावर मैलभर जाऊन कुठंतरी तडफडून मरतं. नीट लागला तरी लगेच मागे धावायचं नसतं, अर्धा तास आहे तिथंच बसून राहायचं आणि मग रक्ताचा माग काढत जायचं. थोडक्यात, नेमबाजीपेक्षा जवळ पोचणं अवघड. आणि हरणाचं नाक, कान आणि हालचाल टिपणारे डोळे हे सगळं त्याच एका गोष्टीविरुद्ध बनवलेलं असतं.

मग प्रश्न पडला की बंदुकीच्या देशात ही धनुष्याची हौस आली कुठून? शोधत गेलो आणि शनिवार-रविवार दोन्ही त्यात गेले. थॉम्पसन बंधूंपैकी मॉरिसचं धनुर्विद्येवरचं पुस्तक १८७८ सालचं आहे, तेव्हा हौशी लोक आधीही होते. पण आजच्या शिकाऱ्यांची जी गुरुपरंपरा सांगितली जाते, तिच्या मुळाशी एक माणूस आहे. आणि त्याला ही विद्या हौस म्हणून शिकावी लागलेली नव्हती.

२९ ऑगस्ट १९११. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्याशी पहाटे कुत्री भुंकायला लागली. बघतात तर कुंपणाशी एक पन्नाशीचा, उपाशी, केस जाळून आखूड केलेला माणूस. (केस जाळणं हे त्याच्या लोकांत सुतकाचं लक्षण.) शेरीफने त्याला तुरुंगाच्या कोठडीत ठेवला. इंग्रजी, स्पॅनिश, आसपासच्या आदिवासींच्या भाषा, कशालाच उत्तर नाही. चार दिवसांत पेपरवाल्यांनी 'शेवटचा रानटी इंडियन' म्हणून बोंब ठोकली. कॅलिफोर्निया विद्यापीठातून वॉटरमन नावाचा मानववंशशास्त्रज्ञ आला आणि याना भाषेच्या शब्दांची यादी वाचत बसला. शब्दामागून शब्द, काही नाही. शेवटी खाटेच्या लाकडावर हात आपटत तो 'सिविनी' म्हणाला, म्हणजे पिवळा पाईन. माणसाचा चेहरा उजळला.

तो याही जमातीचा होता, यानांची सगळ्यात दक्षिणेकडची शाखा. नाव? ते त्याने कधीच सांगितलं नाही. स्वतःचं नाव स्वतः सांगायचं नाही अशी त्यांची रीत, आणि सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नव्हतं. मग विद्यापीठातल्या क्रोबर यांनी 'इशी' म्हणायला सुरुवात केली. याना भाषेत त्याचा अर्थ नुसता 'माणूस'.

सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये त्याची राहायची सोय झाली, सफाई कामगाराचा मदतनीस म्हणून महिना २५ डॉलर पगारही सुरू झाला. रविवारी तो लोकांना बाणाची टोकं घडवून दाखवायचा. म्युझियमच्या शेजारी मेडिकल कॉलेज. तिथला सर्जन सॅक्स्टन पोप त्याला तपासायला येऊ लागला आणि १९१२ पासून त्याच्याकडून धनुर्विद्या शिकायला लागला.

इशीचं धनुष्य जेमतेम ४२ इंचांचं, जुनिपरच्या लाकडाचं, पाठीवर हरणाच्या स्नायूंची तात चिकटवलेली. ओढायला चाळीसेक पौंड. बाण हेझलचे, टोकाला ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच. भाता पाणमांजराच्या कातड्याचा. पोप लवकरच लांबच्या गोल लक्ष्यावर गुरूपेक्षा सरस मारायला लागला. याचं इशीला काहीच वाटत नसे. तेवढ्या लांबून हरणावर बाण सोडायचाच कशाला? वीस यार्डांवरच्या लाव्ह्याएवढ्या वस्तूला मात्र तो सहसा चुकत नसे. नेम उकिडवं बसून धरायचा, कारण उभा माणूस झुडपात दिसतो.

त्याची शिकार आदल्या दिवशीच सुरू व्हायची. तंबाखू बंद, मासे बंद. पहाटे ओढ्यात आंघोळ, सुवासिक पाल्याने अंग चोळायचं, चूळ भरायची आणि उपाशीपोटी निघायचं. अंगावर फक्त लंगोटी, पायात काही नाही, कारण कपड्याचा झुडपात आवाज होतो. उजाडायच्या आत, हरणं मीठ चाटायला येतात त्या जागेजवळ, वारा तोंडावर येईल अशा बेताने आडोशाला बसायचं. माद्रोनच्या झाडाचं पान दुमडून ओठात धरलं की त्यातून पाडसाच्या हाकेसारखा आवाज निघायचा. कधी डोक्यावर पेंढा भरलेलं हरणाचं मुंडकं घालून झुडपाआडून हळूच वर-खाली करायचं. हरीण घाबरट तसंच चौकसही, काय आहे ते बघायला पुढे येतं. बोटं ओठांशी धरून तो सशाच्या किंचाळीचीही हुबेहूब नक्कल करायचा. पोपने त्याची चाचणीच घेतली (डॉक्टर असला तरी वृत्ती टेस्टरची). बारा वेगवेगळ्या ठिकाणी आवाज काढायला लावला. पाच ससे आले आणि एक रानमांजर.

आता इतका तयार गुरू, इतका हौशी शिष्य. दोघांनी मिळून हरणं किती मारली? एकही नाही. कित्येकदा गेले, बाण सुटलेही, पण कधी अंतर जास्त, कधी मध्ये झाड, कधी उतार. पोपने १९२३ च्या आपल्या पुस्तकात याचं कारण प्रामाणिकपणे देऊन टाकलंय: इशीला एका नवशिक्याचं लोढणं होतं, आणि गोऱ्या माणसाकडे वेळ नसतो म्हणून त्याला घाई करावी लागायची. वाचताना हसलो आणि मग जरा ओशाळलोच. शुक्रवारी रात्री ट्रेकला निघून रविवारी संध्याकाळी परत येऊन फोटो टाकणारे आपण. त्या सर्जनचं दुखणं काही वेगळं नव्हतं.

पण इशीकडे तरी हा धीर आला कुठून? याचं उत्तर वाचल्यावर मात्र हसू पळालं.

१८४९ च्या सोन्याच्या गर्दीनंतर डिअर क्रीक आणि मिल क्रीकच्या खोऱ्यांत गोरे वसाहतवाले आणि त्यांची गुरं घुसली. हरणं कमी झाली. याही लोक उपासमारीत गुरं मारू लागले आणि गोरे टोळ्या करून याही लोकांना मारू लागले. १८७१ च्या सुमाराला चार गुराख्यांना एक जखमी बैल आणि रक्ताचा माग सापडला. दुसऱ्या दिवशी कुत्री घेऊन त्यांनी माग काढला आणि किंग्ज्ली गुहेत कोंडून सुमारे तीस माणसं मारली, लहान मुलांसकट. वर मी शिकारीतला रक्ताचा माग लिहिला आहे. तीच पद्धत, तीच चिकाटी, फक्त शिकार कोणाची ते वेगळं.

जी मूठभर माणसं उरली ती त्यानंतर जवळपास चाळीस वर्षं लपून राहिली. इशी तेव्हा लहान होता. क्रोबर यांच्या पत्नी थिओडोरा यांच्या पुस्तकात या लपण्याचे जे तपशील आहेत ते मी दोनदा वाचले. दगडावरून दगडावर उड्या मारत जायचं, म्हणजे पाऊल उमटत नाही. झुडपांखालून चार पायांवर रांगत जायचं, फांदी तोडायची नाही, कारण कुऱ्हाडीचा आवाज खोऱ्यात घुमतो. मातीवर चाललंच तर वरून पाला पसरायचा. दरीत दोरावरून उतरायचं. चूल अगदी बारीक आणि तीही बे-लॉरेलच्या झाडाखाली, म्हणजे धूर पानांत विरून जातो. बंदुकीचा बार तर मरणाला आमंत्रण. म्हणून धनुष्य, फास आणि मासे मारायचा भाला, ज्यांचा आवाज होत नाही. त्यांच्या शेवटच्या वस्तीच्या नावाचा अर्थ होता 'ग्रिझली अस्वलाची लपायची जागा'.

म्हणजे हरणाने आपल्याला पाहू नये यासाठी जे जे करायचं, ते सगळं ही माणसं माणसांनी आपल्याला पाहू नये म्हणून रोज करत होती. नवशिक्याला तासभर न हलता बसायला सांगतात. इशी त्या शाळेत चाळीस वर्षं होता.

नोव्हेंबर १९०८ मध्ये वीज कंपनीचे सर्व्हेवाले त्या वस्तीत शिरले. एक म्हातारा आणि एक बाई पळाली. घोंगड्यांखाली इशीची आई होती, तिला चालताच येत नव्हतं. सर्व्हेवाल्यांनी तिला हात लावला नाही, पण धनुष्यं, बाण, टोपल्या, कातडी झगे असं हलवता येईल ते सगळं 'आठवण' म्हणून उचलून नेलं. हिवाळ्याच्या तोंडावर! एकाला नंतर मनाला लागलं म्हणून तो दुसऱ्या दिवशी परत गेला, तर तिथं कोणी नव्हतं. आई लवकरच गेली. पळालेले दोघं इशीला पुन्हा दिसले नाहीत. पुढची तीन वर्षं तो एकटा.

१९१४ च्या मे महिन्यात क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोपचा लहान मुलगा त्याला घेऊन डिअर क्रीकला गेले. जायला तो आधी अजिबात तयार नव्हता. का नसेल, हे त्या विद्वानांना आधी सुचायला हवं होतं असं माझं मत. शेवटी गेला, जागा दाखवल्या, फोटो काढू दिले. २५ मार्च १९१६ ला तो क्षयाने गेला, पोपच्याच हॉस्पिटलमध्ये. दहनाच्या वेळी सोबत त्याचं एक धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांचं पीठ आणि तंबाखू ठेवली होती.

पोपने धनुष्याने पहिलं हरीण मारलं ते त्यानंतर. गुरू गेल्यावर शिष्य एकदाचा थांबायला शिकला. पुढे १९२० मध्ये तो आणि आर्ट यंग यलोस्टोनमध्ये बाणांनी ग्रिझली अस्वलं मारायला गेले, तेही कॅलिफोर्नियातल्या एका म्युझियमसाठी. यंगची अलास्कातल्या शिकारीची फिल्म डेट्रॉइटमध्ये पाहून फ्रेड बेअर या नादाला लागला आणि त्याने धनुष्यांचा कारखाना काढला. माझ्या सहकाऱ्याच्या विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये धनुष्यासाठी वेगळा हंगाम ठेवला. त्या वर्षी अख्ख्या हंगामात मारलं गेलं एक हरीण. १९६१ मध्ये पोप आणि यंग यांच्या नावाचा क्लब निघाला, जो आजही मोठ्या शिंगांच्या नोंदी ठेवतो. थिओडोरांचं इशीवरचं पुस्तकही १९६१ चंच.

सहकाऱ्याला विचारलं तर क्लब त्याला चांगलाच माहीत. इशी? नाव ऐकल्यासारखं वाटतंय म्हणाला.

एक राहिलं. इशी गेला तेव्हा क्रोबर न्यूयॉर्कला होते. त्याची चिरफाड करू नका, असं त्यांनी कडक शब्दांत कळवलं होतं, पण पत्र पोचायच्या आत शवविच्छेदन होऊन मेंदू काढून ठेवलेला होता. आणि मग त्याच क्रोबर यांनी १९१७ मध्ये तो वॉशिंग्टनला स्मिथसोनियनकडे पाठवून दिला. हे मला अजून उलगडलेलं नाही. १९९९ मध्ये त्याचा पत्ता लागला. ऑगस्ट २००० मध्ये मेंदू आणि अस्थी रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या जमातींच्या ताब्यात दिल्या गेल्या. त्यांच्यात याना वंशाची माणसं आहेत. त्यांनी दोन्ही एकत्र करून इशीच्याच मुलखात पुरलं. जागा कुठली, ते त्यांनी कोणालाही सांगितलेलं नाही.