विजेरीची काया

विजेरीचे कवच धातूचे असावे की प्लॅस्टिकचे, हा वाद आज सनातन भासत असला, तरी तिच्या जन्मकाळी या दोहोंपैकी एकाकडेही मुख्य मान नव्हता. कारण न्यूयॉर्कच्या डेव्हिड मिसेल यांना १० जानेवारी १८९९ रोजी जिच्या पेटंटची सनद मिळाली, तिची नळी कागदाची व तंतुमय पुठ्ठ्याची असे. पुढे पितळेचा अंमल बसला, तो केवळ निकेलच्या मुलाम्याच्या झळाळीमुळे नव्हे. धातूचे अंगच विद्युत्प्रवाहाची वाट होऊन सेलच्या जस्ती बुडापासून दिव्यापर्यंतचे मंडल पुरे करी, तर प्लॅस्टिकच्या उदरात त्यासाठी पत्र्याची पट्टी निराळी घालावी लागे.

दुसऱ्या महायुद्धात काडतुसांसाठी पितळेची निकड भासली आणि अमेरिकी सैन्याची काटकोनी विजेरी, टीएल-१२२, प्लॅस्टिकमध्ये घडू लागली. हा बदल निरुपायाचा खरा. पण त्यात एक गुणही होता. सेलचे जस्त झिजून भोक पडले, की आतला नवसागराचा क्षार पाझरून पितळ हिरवे पडे आणि फुगलेला सेल नळीत असा रुतून बसे, की धनी हतबल होई. प्लॅस्टिकच्या भिंतीस तो क्षार खात नसे, पट्टीला मात्र खाई.

१९७९ साली मॅगलाइट नावाच्या विजेरीने ॲल्युमिनियमच्या रूपाने धातूची पुनःस्थापना केली. आपल्याकडे मात्र जिला सारे ‘बॅटरी’ म्हणत, ती जडशीळ नळी अंधारात काठीचेही काम देई, आणि मला वाटते, तिच्या वजनावरच गिऱ्हाइकाचा अर्धा विश्वास असे.