भेग कुठे जाणार, हे ठरवतं कोण?

आज आपण एका साध्या प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. खडकात भेग पडली, की ती कोणत्या दिशेला जाणार हे कोण ठरवतं? फोडणारा माणूस, खडकाचे थर, की आणखी काही?

सुरुवात सुरुंगापासून करू. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलजवळ १८६५ साली एडवर्ड रॉबर्ट्स यांनी तेलविहिरीत दारूचा 'टॉर्पेडो' उडवला. वर पाणी भरलेलं होतं, म्हणजे स्फोटाचा जोर वर न निसटता आजूबाजूच्या खडकात शिरावा. तेल वाढलं. पण स्फोटाचं काम क्षणात आटोपतं. भोकाभोवती चहूकडे भेगा फुटतात आणि थोड्याच अंतरावर जोर ओसरतो.

१९४७ मध्ये कॅन्ससच्या ह्यूगोटन वायुक्षेत्रात स्फोटाऐवजी पंपाचा दाब वापरला गेला. नेपाम घालून दाट केलेलं पेट्रोल विहिरीत ढकललं. त्या विहिरीचं उत्पादन फारसं वाढलं नाही, पण पद्धत टिकली आणि १९४९ पासून धंद्यात आली. आता भेग लांबवर नेता येत होती. पण कुठे? गाळाचा खडक म्हणजे वहीच्या पानांसारखे थर. तेव्हा भेग दोन पानांमध्ये आडवी शिरणार आणि वरचा भार उचलणार, अशी अनेक अभियंत्यांची समजूत होती.

१९५७ मध्ये किंग हबर्ट आणि डेव्हिड विलिस यांनी ती खोडून काढली. त्यांनी जिलेटिनमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसचं पातळ मिश्रण दाबाने सोडलं, बाहेरचा रेटा बदलून पाहिला. प्लास्टर घट्ट झालं, की भेगेचा आकारच हाती यायचा. निष्कर्ष असा, की जिथून रेटा सगळ्यात कमी, त्या बाजूला भेग उघडते. खोलवर वरचं ओझं प्रचंड, बाजूचा रेटा बहुधा त्याहून कमी. म्हणून भेग आडवी नाही, उभी!

उभी भेग म्हणजे थर ओलांडू शकणारी भेग. मग थरांचं काहीच चालत नाही का? चालतं ना. एखाद्या थरात बाजूचा रेटा जास्त असेल, तर भेग तिथे अडते. दोन थरांमधला सांधा कच्चा असेल, तर थर घसरतात आणि भेगेचं टोक बोथट होतं.

म्हणजे 'कोणत्या दिशेला' याच्या जोडीला 'किती उंच' हा प्रश्न आला. वर पिण्याच्या पाण्याचा थर असलेल्या लोकांसाठी तोच महत्त्वाचा. म्हणूनच मोठं काम करण्याआधी छोटीशी भेग पाडून, ती मिटताना दाब किती राहतो हे मोजतात. खडकातला रेटा त्यावरून कळतो.